फायटरला हवा लागते, आणि म्हणूनच बरणी चालत नाही (सोलापूरचं ऊन, पाणी आणि धूळ धरून)

हिप्परगा_काठ

फायटर मासा घेताना दुकानात हमखास एक वाक्य कानावर पडतं: "याला हवा लागत नाही, बरणीत पण राहतो." उन्हाळा तोंडावर आलाय आणि बऱ्याच जणांनी निरोपातून तेच तेच विचारलंय, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहितो.

त्या वाक्याचा अर्थ एवढाच, की याला बुडबुडे सोडणारा पंप नसला तरी तो लगेच मरत नाही. खरं तर दुकानातल्या बहुतेक माशांपेक्षा हवेची गरज यालाच जास्त असते. गोल्डफिश पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतून घेतो. फायटर तेही करतो, पण त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला आणखी एक पोकळी असते. पहिल्या कल्ल्याच्या कमानीचं हाड वाढून तिथे पातळ, वळ्यावळ्यांचे पापुद्रे तयार झालेले असतात आणि त्यांवर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. आपल्या चादरीच्या घडीसारखं, लहान जागेत मोठं क्षेत्रफळ. याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा वर येतो, जुनी हवा सोडतो, नवी हवा तोंडात घेतो, ती त्या पोकळीत भरतो आणि खाली जातो. हवेतला प्राणवायू तिथून रक्तात जातो.

हे वर येणं त्याच्या मर्जीचं नाही. मोठ्या झालेल्या फायटरचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. पृष्ठभागाची वाट बंद झाली, तर मासा असूनही तो पाण्यात गुदमरतो.

ही सोय त्याच्या मूळ ठिकाणामुळे आली. हा मासा थायलंडचा. तिथली भातखाचरं, दलदल, संथ कालवे हे त्याचं घर. उथळ, गरम, कुजक्या पानांनी भरलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी उरतो. बेटा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव त्याला १९१० मध्ये रेगन या शास्त्रज्ञाने दिलं आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. लोक 'उथळ' एवढंच ऐकतात आणि बरणी आणतात. भातखाचर वीतभर खोल असेल, पण ते एकरभर पसरलेलं असतं. त्यात वनस्पती असतात, किडे असतात, आणि माशाने टाकलेली घाण त्या पसाऱ्यात कुठल्या कुठे विरून जाते.

आता मुख्य मुद्दा. लॅबिरिंथमुळे प्राणवायूचा प्रश्न सुटतो, पण कल्ल्यांची दुसरी कामं सुटत नाहीत. शरीरातला अमोनिया कल्ल्यांतूनच पाण्यात जातो, कार्बन डायऑक्साइडही बहुतांश तिथूनच जातो. बरणीत तोच अमोनिया साचतो आणि त्याच नाजूक कल्ल्यांना जाळतो. फायटर वरून हवा घेऊन जगत राहतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं मासा मजेत आहे. दुसरा मासा त्या पाण्यात कधीच मेला असता आणि मालकाला कळलं असतं. फायटर फक्त हळूहळू मरतो. याच गोष्टीची मला चीड येते, कारण त्याच्या चिवटपणाचाच त्याला त्रास होतो.

विजापूररोडकर

छान लिहिलंय दादा, वाचनखूण साठवली. आमचा मासा दिवसभर वर येऊन तोंड उघडालाय. मग हे चांगलं की वाईट? ओळखायचं कसं?

हिप्परगा_काठ

@विजापूररोडकर, कसा येतो ते बघा. सरळ वर आला, एक घोट घेतला, लगेच खाली गेला आणि पुन्हा फिरायला लागला, तर ते रोजचंच. हालचाल वाढली किंवा पाणी तापलं की फेऱ्याही वाढतात.

वरच लटकून राहिला, कल्ल्यांची झाकणं भराभर उघडमीट करतायत, कल्ले लाल दिसतायत, पर मिटलेले आहेत, खायला टाकलं तरी वळत नाही, तर मात्र पाणी बिघडलंय. अशा वेळी औषध शोधत बसू नका. आधी क्लोरीन गेलेलं, त्याच तापमानाचं पाणी घेऊन तिसरा हिस्सा बदला. अमोनिया तपासायचं किट मिळालं तर आणा, किटमधल्या पाण्याच्या नमुन्याला हिरवटपणा चढला की अमोनिया आहे असं समजायचं.

भीमाकाठी

उजनीच्या पाण्यावर आमच्या घरच्यांचं पोट आहे, त्यामुळं हा विषय ओळखीचा वाटला. आपल्याकडची मरळ अशीच. बाजारात ओल्या पोत्याखाली तासन्‌तास जिवंत राहती, तर चिलापी टोपलीत पडली की थोड्या वेळात गेलीच. मरळीलाबी डोक्यात वर हवेची जागा असती, आमची जुनी माणसं दाखवायची. मरळ पण जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिली, वर यायला मिळालं नाही, की मरती. लोकांना खोटं वाटतं, पण आम्ही बघितलंय.

हिप्परगा_काठ

@भीमाकाठी काका, फार मोलाचं सांगितलंत. मरळ आणि फायटर जवळचे नातेवाईक आहेत, पण दोघांची हवेची पोकळी रचनेत थोडी वेगळी असते. खरा लॅबिरिंथ फायटर, गुरामी आणि आपल्या देशात आढळणारा अ‍ॅनाबस, म्हणजे पाण्याबाहेर सरपटणारा मासा, यांच्यात असतो. चिलापीला असलं काही नसतं. पाणी खराब झालं की ती पृष्ठभागालगतचं पाणी तोंडात घेत राहते, हवा घेत नाही.

जीवशास्त्र_एमएस्सी

एक शंका. पाण्यात प्राणवायू कमी असेल, तर हवेतून रक्तात घेतलेला प्राणवायू कल्ल्यांतून परत पाण्यात निसटत नाही का?

हिप्परगा_काठ

प्रश्न अगदी नेमका आहे. हो, काही प्रमाणात निसटू शकतो. म्हणून हवा घेणारे मासे अशा पाण्यात कल्ल्यांची हालचाल कमी करतात. शिवाय लॅबिरिंथमधून आलेलं ताजं रक्त थेट शरीरभर जात नाही. ते शिरांतून हृदयाकडे परततं आणि तिथे वापरलेल्या रक्तात मिसळतं. थोडक्यात, ही व्यवस्था आपल्या फुप्फुसांइतकी सफाईदार नाही. पाण्यातही प्राणवायू चांगला असेल तर माशाचं काम हलकं होतं.

आकडेच बघायचे तर ३० अंश तापलेल्या गोड्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त असतो. एका घोटात त्याला काय मिळतं, ते यावरून कळेल.

शेंगाचटणी

माहितीबद्दल आभार. पण दादा, एक मनापासून विचारते. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांआड येतं. हौद, पिंप, हंडे सगळं भरून ठेवावं लागतं. घरात सासूबाई म्हणतात, प्यायला पाणी नाही आणि माशाला वीस लिटरची टाकी कशाला? मला उत्तर देता येत नाही.

हिप्परगा_काठ

ताई, त्यांचं म्हणणं रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे.

दोन लिटरच्या बरणीत माशाची घाण दिवसभरातच त्रासदायक होते. तिथे पाणी रोज पूर्ण बदलावं लागतं, म्हणजे आठवड्याला १४ लिटर. वीस लिटरच्या टाकीत स्पंज फिल्टर नीट बसला असेल, तर आठवड्याला पाव हिस्सा, म्हणजे ५ लिटर बदललं की पुरतं. मोठ्या टाकीला पाणी कमी लागतं. वर बरणी रोज धुताना मासा हातात धरायचा, नव्या पाण्यात टाकायचा, तापमान बदलायचं, हा छळ वेगळा.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात माशाच्या घाणीपासून बनलेलं, खतासारखं नायट्रेट असतं, कुंड्यांना आणि तुळशीला ते मानवतं. सासूबाईंना ही गोष्ट नक्की पटेल.

आणि पाणी साठवून ठेवण्याची आपली सवय इथे कामी येते. उघड्या बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातला साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन मिळतं, त्याचे थेंब पुरतात.

शेंगाचटणी

१४ आणि ५ चा हिशोब आजच सांगते घरी. धन्यवाद!

मत्स्यालय_व्यवसाय

मी या धंद्यात आहे, दुकानाचं नाव टाकत नाही. आमची बाजूही लिहितो. आम्ही फायटर ग्लासात ठेवतो कारण दोन नर एकत्र ठेवले की एकमेकांचे पर फाडतात. ती विकेपर्यंतची सोय असते, राहायचं घर नव्हे. चांगला दुकानदार रोज पाणी बदलतो. पण गिऱ्हाईक ग्लास बघतं आणि तेवढंच भांडं मागतं. टाकी सुचवली की म्हणतं, मासा दोनशेचा आणि टाकी हजाराची?

हिप्परगा_काठ

@मत्स्यालय_व्यवसाय, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. एक विनंती: ग्लासावर 'हे भांडं फक्त विक्रीपुरतं' अशी चिठ्ठी लावाल का? वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जरी विचारलं, तरी काही मासे वाचतील.

पूर्वभाग_यंत्रमाग

आमचं घर कारखान्याला लागून. टॉवेलचे माग दिवसभर चालतात, सुताची बारीक तूस हवेत असते. टाकीच्या पाण्यावर दोन दिवसांत पांढरट थर बसतो. मासा वर आला की तोंडाला चिकटतंय असं वाटतं. हे नुकसान करतं का?

हिप्परगा_काठ

करतं. तुमच्या प्रश्नामुळे एक फार दुर्लक्षित गोष्ट समोर आली. फायटरसाठी पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे नाक आहे. त्यावर तूस, तेलाचा तवंग, खाण्याचा चिकट थर, काहीही साचलं की हवा घेताना तेच आत जातं.

टाकीवर काचेचं झाकण ठेवा, पण झाकण आणि पाणी यांच्यात दोन इंच मोकळी हवा राहू द्या. एका कोपऱ्यात फट हवी. झाकणाखालची हवा उबदार आणि दमट राहते, ते त्याला मानवतं. पिल्लांना तर फारच, कारण अंड्यातून बाहेर आल्यावर तीन-चार आठवड्यांनी लॅबिरिंथ तयार होतो आणि त्या दिवसांत कोरडी गार हवा घातक ठरते. झाकणाचं दुसरं कारण साधं आहे: फायटर उडी मारतो.

साचलेला थर काढायला साधा, रंग नसलेला टिश्यू कागद पृष्ठभागावर पसरायचा आणि हलकेच उचलायचा. स्पंज फिल्टरचे बुडबुडेही पृष्ठभाग हलता ठेवतात.

याच कारणाने आणखी एक. ज्या खोलीत मासा आहे तिथे डासांची कॉइल, भिंतीला लावायचं लिक्विड, झुरळांचा फवारा वापरू नका. त्यातली पायरेथ्रॉइड प्रकारची रसायनं माशांना अतिशय विषारी असतात, आणि हा तर खोलीतली हवाच ओढतो. गल्लीत धुरळणी करणारी गाडी आली की खिडक्या लावा, टाकीवर ओलं फडकं टाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण पंप तीच हवा पाण्यात ढकलतो.

पूर्वभाग_यंत्रमाग

लिक्विडचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून मच्छरदाणी.

कॉलेज_होस्टेल

दादा, मग थेट सांगा की, काय काय घ्यायचं? बजेट कमी आहे, जागा टेबलाच्या कोपऱ्याएवढी.

हिप्परगा_काठ

एका माशाला कमीत कमी १० लिटर, पण २० लिटर असेल तर पाणी स्थिर राहतं आणि तुमची चूक सहन करतं. काच कापणाऱ्याकडून करून घेतली तर स्वस्त पडते. हिशोब सोपा: लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणायची आणि ६१ ने भागायचं, लिटर येतात. १८ × १० × १० इंचाची टाकी जवळपास २९ लिटरची होते. काठोकाठ भरायची नाही, त्यामुळे प्रत्यक्षात २४ च्या आसपास पाणी.

उंच आणि अरुंद टाकी घेऊ नका. हाफमून या लांब परांच्या फायटरला प्रत्येक घोटासाठी फुटभर चढायला लावणं क्रूर आहे. आडवी, दहा इंच उंचीची उत्तम. पृष्ठभागाजवळ एखादं रुंद पान असलं की तो त्यावर टेकतो. अनुबियस किंवा जावा फर्न लावा, दोन्ही कमी उजेडात जगतात. मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली तरी चालतात, ती नायट्रेट ओढतात. पण मुळांनी सगळा पृष्ठभाग झाकू देऊ नका. फुलदाणीत रोप आणि खाली मासा असं जे सजवतात, त्यात नेमकं हेच होतं: हवेची वाट अडते आणि मासा मुळं खातो असं समजून त्याला उपाशी ठेवतात. फायटर मांसाहारी आहे. जंगलात तो किडे आणि अळ्या खातो.

फिल्टर स्पंजचा, हवेचा झोत नळीवरच्या कॉकने मंद केलेला. "हवा घेतो तर फिल्टर कशाला" असं कुणी म्हटलं तर सांगा, फिल्टर माशाच्या श्वासासाठी नाही. स्पंजवर जे जिवाणू वाढतात ते अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. शक्य असेल तर आधी टाकी चालू करा, मासा नंतर आणा. ओळखीच्या कुणाची जुनी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा मागून घ्या, काम लवकर होतं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा.

अक्कलकोट_रोड

आमच्याकडं बोअरचं पाणी. भांड्यांवर पांढरे डाग पडतात एवढं जड. चालेल का? आरओचं वापरू का?

हिप्परगा_काठ

जडपणा फायटर बराच सहन करतो, सवय लागली की. काळजी पीएचची करा, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणाऱ्या आकड्याची. अमोनियाचं विष पीएचवर ठरतं. तापमान ३० अंश असेल तर पीएच ७ ला एकूण अमोनियातला शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. ८ ला शंभरात सात-आठ भाग होतात. ८.५ ला पाचवा हिस्सा. म्हणजे तीच बरणी, तोच मासा, तेवढीच घाण, पण जड अल्कधर्मी बोअरच्या पाण्यात कितीतरी जास्त घातक.

निव्वळ आरओ नको, त्यात क्षार उरत नाहीत आणि पीएच अचानक घसरू शकतो. अर्धं बोअर, अर्धं आरओ चांगलं. मात्र उन्हाळ्यात उडून गेलेल्या पाण्याची भरपाई आरओने करा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यावर पुन्हा बोअरचं ओतलं की जडपणा चढत जातो.

देशी बदामाची आपोआप गळलेली, वाळलेली पानं टाकता येतात. पाणी चहाच्या रंगाचं होतं, फायटरला ते आवडतं. पण फार जड पाण्याचा पीएच त्याने विशेष उतरत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. रस्त्याकडेची, धुराची पानं घेऊ नका.

विजापूररोडकर

आमचं वरच्या मजल्यावर पत्र्याचं घर. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, घरात बसवत नाही. मासा काय करेल?

हिप्परगा_काठ

हाच या धाग्याचा सर्वात निकडीचा भाग आहे. फायटरला २४ ते २८ अंश मानवतात, ३० पर्यंत ठीक. पत्र्याखाली पाणी ३५ वर जाऊ शकतं. उष्ण पाण्यात तीन गोष्टी एकाच वेळी होतात: प्राणवायू कमी मावतो, माशाच्या शरीराची गरज वाढते आणि अमोनिया जास्त विषारी होतो. लॅबिरिंथ पहिल्या संकटातून सोडवतो. उरलेल्या दोघांपुढे तो इतर माशांइतकाच लाचार आहे.

आपली हवा कोरडी आहे, तिचा फायदा घ्या. काचेचं झाकण काढून जाळीचं बसवा आणि छोटा पंखा पृष्ठभागावरून तिरका सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, कोरड्या दिवशी त्याहून जास्त. टाकीच्या बाहेरून ओलं सुती कापड गुंडाळा, टोक पाण्याच्या वाटीत सोडा. शक्य असेल तर ते दोन महिने टाकी खालच्या मजल्यावर, फरशीवर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. टाकीचा दिवा दुपारी बंद. खाणं निम्मं करा, कमी खाल्लं की अमोनिया कमी.

बर्फ थेट टाकू नका. अगदीच नाइलाज झाला तर बंद बाटलीत गोठवलेलं पाणी थोडा वेळ तरंगवा आणि थर्मामीटर बघत राहा. एका तासात दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नका.

वीज गेली तर घाबरू नका. तासा-दोन तासांनी स्पंजचं बिघडत नाही आणि फायटर वरून हवा घेतोच. इथे मात्र त्याची सोय खरोखर आपल्या उपयोगी पडते.

मत्स्यालय_व्यवसाय

+१. उन्हाळ्यात परत येणाऱ्या तक्रारींत गरम पाणीच असतं. लोक मात्र 'मासाच खराब दिला' म्हणतात.

शेंगाचटणी

अवांतर: आमचा मासा पाण्यावर फेसाचं घरटं करतो. मुलगी म्हणते तो खूश आहे म्हणून करतो. खरं का?

हिप्परगा_काठ

अवांतर नाही ताई, विषयातलंच आहे. नर हवा घेऊन लाळेत गुंडाळतो आणि बुडबुडे पृष्ठभागावर रचतो. मादीने घातलेली अंडी तो त्यात ठेवतो आणि दीड-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येईपर्यंत राखण करतो. तो वयात आलाय, एवढं त्यावरून नक्की कळतं. खराब पाण्यातसुद्धा नर घरटं बांधतात, म्हणून त्यावरून पाणी चांगलं आहे असं धरू नका. मुलीला सांगा, घरटं मोडू नको आणि पाणी बदलताना कडेकडेने ओत.

कॉलेज_होस्टेल

टाकीची ऑर्डर दिली, १८ × १० × १०. जिवाणूंचा जम बसेपर्यंत मासा दुकानातच ठेवायला दुकानदार तयार झालाय. शेवटचा प्रश्न, हीटर लागतो का इथं? सोलापुरात हीटर म्हटलं की मित्र हसतात.

हिप्परगा_काठ

दुकानदार तयार झाले, हे फार चांगलं झालं. हीटर डिसेंबर-जानेवारीत लागतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे आपल्याकडं चांगली थंडी असते, खोलीतलं पाणी २०-२१ वर येतं आणि दुपारी पुन्हा चढतं. फायटर तळाशी सुस्त पडून राहतो, वर यायलाही कंटाळतो. तुमच्या टाकीला २५ वॉटचा, आपोआप बंद होणारा पुरे. २६ वर लावून ठेवा. पाणी बदलताना आधी प्लग काढा, हीटर थोडा गार होऊ द्या, मगच पाणी उपसा. नाहीतर काच तडकते.

थर्मामीटर आत्ताच घ्या. तो बाराही महिने लागणार आहे.